पर्याय खरा आहे का, हे परीक्षा विचारतच नाही

पत्र

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. बी.एस्सी. ॲग्री झालं आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. बँक पीओ आणि एमबीए सीईटी, दोन्हींची तयारी करते. सकाळच्या एसटीनं दारव्ह्याला अभ्यासिकेत जाते, संध्याकाळी परत. गणित, कोडी, बैठकव्यवस्था जमते. 'स्ट्रेन्थन-वीकन'चे, म्हणजे युक्तिवाद मजबूत किंवा कमकुवत करणारं विधान निवडायचे प्रश्न मात्र निम्म्याहून जास्त चुकतात. परवाच्या मॉकमधला एक प्रश्न मराठीत लिहून पाठवते.

"एका जिल्ह्यात कपाशीच्या शेतकऱ्यांना कामगंध सापळे मोफत वाटले. त्या हंगामात तिथे गुलाबी बोंडअळी आदल्या वर्षीपेक्षा बरीच कमी आढळली. म्हणजे सापळ्यांमुळे बोंडअळी कमी झाली. पुढीलपैकी कोणतं विधान, खरं असल्यास, हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?
अ) बरेच शेतकरी सापळ्यातली ल्यूर (पतंगाला ओढणारी गंधाची गोळी) वेळेवर बदलत नाहीत.
ब) सापळे विकत घ्यायचे तर लहान शेतकऱ्याला खर्च परवडत नाही.
क) कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग अडकतात, मादी नाही.
ड) शेजारच्या जिल्ह्यात सापळे वाटले नव्हते, तरी तिथेही अळी तेवढीच कमी झाली.
इ) सापळे वाटण्याआधी शेतकऱ्यांना ते कसे वापरायचे याचं प्रशिक्षण दिलं होतं."

मी क निवडला. गंधाला नरच येतो हे आम्ही कॉलेजात शिकलो आहे, आणि अंडी घालते मादी. मग सापळ्यानं अळी कमी झाली असं कसं म्हणणार? उत्तर दिलं होतं ड. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिकडं पाणी जास्त झाला असन, त्यानं गेली असन अळी. त्याचा आपल्या सापळ्याशी काय संबंध?" मला ते पटलं. आता मी चुकते की प्रश्न चुकतो, तेच कळेना. पुण्याच्या मुलींना हे पटकन जमतं म्हणे. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून होतंय का? नाव छापू नका.

उत्तर

उत्तर ड बरोबर आहे. तुझे बाबा जे बोलले त्याच्याकडे मी थोड्या वेळानं येते, कारण या प्रश्नांना जी नजर लागते ती त्या एका वाक्यात आहे. आधी तुझा क पाहू.

क खरा आहे, यात वाद नाही. पण प्रश्नात 'खरं असल्यास' हे शब्द आहेत, इंग्रजीत 'इफ ट्रू'. त्या दोन शब्दांनी परीक्षकानं पाचही पर्याय तुझ्यापुढे खरे म्हणून ठेवले आहेत. त्यामुळे एखादा पर्याय वावरात खरा ठरतो की नाही, याला इथे एकही गुण नाही. गुण आहे तो एवढ्यालाच, की ते विधान मान्य केल्यावर निष्कर्षावरचा आपला विश्वास कमी होतो का, आणि कितीनं.

हा युक्तिवाद उघडून बघ. आधार दोन आहेत: सापळे वाटले, आणि अळी कमी झाली. निष्कर्ष एक: सापळ्यांमुळे कमी झाली. दोन्ही आधार आपण मान्य करायचे, त्यांच्याशी भांडायचं नाही. भांडण आहे ते 'मुळे' या शब्दाशी. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या एवढंच आपल्याला सांगितलंय, आणि लिहिणाऱ्यानं पहिलीला दुसरीचं कारण करून टाकलंय. न बोलता त्यानं धरून चाललंय की सापळे नसते तर अळी कमी झाली नसती. हेच त्याचं गृहीतक. ड नेमका तिथे लागतो. जिथे सापळे नव्हते तिथेही अळी तेवढीच कमी झाली, म्हणजे ती कमी व्हायला सापळ्यांची गरज होतीच असं आता म्हणता येत नाही.

क या जोडाला हात लावत नाही. सापळा कसा काम करतो, एवढंच तो सांगतो. तू त्यात मनानं एक वाक्य घातलंस: अंडी मादी घालते, म्हणून नर पकडून उपयोग नाही. पण नर कमी झाले की मिलन कमी, आणि मिलन झालं नाही तर अंड्यातून अळी निघणार कुठून? मोठ्या प्रमाणावर सापळे लावून पतंग पकडण्यामागचा विचार हाच असतो, आणि हेही तू शिकली असशील. तुझ्याच माहितीचा एक भाग तुला आठवला आणि दुसरा त्या घाईत मागे राहिला. आपल्या ओळखीचा विषय आला की हे फार होतं. सिंगापूरच्या बंदरावरचा उतारा असता तर तू हीच चूक केली नसतीस, असं मला खात्रीनं वाटतं.

अ मात्र मी अगदी निरुपयोगी म्हणणार नाही. ल्यूर बदलली नाही की सापळा निकामी होत जातो, आणि निकामी सापळ्यानं अळी कमी केली यावर थोडी शंका येतेच. पण 'बरेच' म्हणजे किती? आणि ज्यांनी बदलली त्यांच्या सापळ्यांनी काम केलं असेल तर? शंका आहे, पण पातळ. म्हणून प्रश्नात 'सर्वांत जास्त' असतं. दोन पर्याय निष्कर्षाला धक्का देत असतील तर मोठा धक्का कोणाचा हे बघायचं. कोचिंगच्या नोट्समध्ये चार पर्याय पूर्ण चूक आणि एक पूर्ण बरोबर असं दाखवतात. चांगल्या पेपरात तसं नसतं.

ब हा दुसऱ्याच निष्कर्षाचा पर्याय आहे. निष्कर्ष "सरकारनं वाटणं बंद करावं, शेतकरी स्वतः विकत घेतील" असा असता, तर हाच ब सगळ्यांत जोरदार ठरला असता. हे तुझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिही. पर्यायाची किंमत त्याच्या स्वतःत नसते, निष्कर्ष कोणता आहे त्यावर ती ठरते. आणि इ उलट्या दिशेचा आहे, तो युक्तिवाद मजबूत करतो. असा एक उलटा पर्याय बहुतेक प्रश्नांत पेरलेला असतो. थकलेला उमेदवार प्रश्न वीकनचा आहे हे विसरतो आणि विषयाला धरून वाटलं म्हणून तोच निवडतो.

आता बाबांचं वाक्य. ते म्हणाले, तिकडे पाऊस जास्त झाला असेल. म्हणजे त्यांनी ड वरच हल्ला केला: दोन जिल्ह्यांची तुलना तेव्हाच चालते, जेव्हा बाकी सगळं सारखं असतं. शेजारी पावसानं अळी गेली असेल आणि आपल्याकडे सापळ्यांनी, तर ड चा जोर कमी होतो. हा विचार पक्का आहे. फक्त तो पुढच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुला विचारलंय की पाचांपैकी कोणतं विधान युक्तिवादाला जास्त ढिला करतं. ड सुद्धा त्याला पाडत नाही, फक्त ढिला करतो. वीकन म्हणजे खोटं पाडणं असं समजून बरीच मुलं अशा पर्यायाच्या शोधात असतात जो सगळं मोडून टाकेल, आणि तो सापडत नाही म्हणून गोंधळतात.

बाबांसारखी नजर खऱ्या वादात कशी चालते, ते आपल्याच पिकावर बघ. मार्च 2002 मध्ये देशात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. 2002-03 मध्ये देशाचं सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे 300 किलो रुई होतं. 2007-08 पर्यंत ते साडेपाचशे किलोच्या आसपास गेलं. म्हणून बीटीमुळे उत्पादन वाढलं, असा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. तुझ्या मॉकमधल्या सापळ्यांसारखाच त्याचा सांगाडा आहे.

कोणी म्हणेल, 2002 तर दुष्काळाचं वर्ष, सुरुवातच खालून धरली. ऐकायला बरोबर वाटतं. पण आदल्या दोन वर्षांतही आकडा 300 च्याच आसपास होता, त्यामुळे हा धक्का लागत नाही. दुसरा म्हणेल, त्याच काळात खतं वाढली, नवी कीटकनाशकं आली, गुजरातेत सिंचन वाढलं. हा लागतो, कारण वाढीचं दुसरं कारण तो समोर ठेवतो. तिसरा आणखी जोरात: 2004-05 मध्येच उत्पादन 470 किलोपर्यंत गेलं होतं, आणि त्या वर्षी बीटीखालचं अधिकृत क्षेत्र एकूण कपाशीच्या दहा टक्क्यांच्याही आत होतं. इतक्या थोड्या क्षेत्रानं देशाची सरासरी एवढी ओढली? हा ड सारखाच आहे. जिथे कारण फारसं पोचलं नव्हतं, तिथेही परिणाम दिसतो.

एवढ्यावर वाद संपला असं वाटतं ना? पण 'अधिकृत' या शब्दावर बोट ठेव. परवानगी नसलेलं बीटी बियाणं गुजरातेत 2001 मध्येच सापडलं होतं आणि पुढेही हातोहात पसरत होतं. ते सरकारी आकड्यात नाही. म्हणजे खरं क्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त असणार, आणि तिसऱ्याचा मुद्दा ढिला झाला. तुझ्या बाबांनी पावसाचं नाव घेऊन जे केलं, ते हेच. कापसाचे शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ आजही या प्रश्नावर एकमत नाहीत, आणि त्यांच्या वादाची प्रत्येक पायरी म्हणजे एक स्ट्रेन्थन किंवा वीकन आहे.

हे आपल्याकडे नवं नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे अनुमान पक्कं धरतात. उलटं धरत नाहीत. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चालत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. ती न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. उपाधी दाखवून दिली की अनुमान ढिलं पडतं. चुलीत वाळलेली पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि ओली पऱ्हाटी जाळून बघितलेल्या मुलीला हे समजावून सांगायला नको.

मग तुझी गावची माहिती कुठे वापरायची? पर्याय वाचण्याआधी. उतारा वाच, निष्कर्षाखाली रेघ मार, आणि पर्याय झाकून स्वतःला विचार: अजून कशामुळे असं झालं असेल? बोंडअळी कमी झाली म्हटल्यावर तुझ्या डोक्यात धडाधड येईल. लोकांनी फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेली कपाशी) घेतली नसेल, डिसेंबरात पऱ्हाटी उपटली असेल, पेरणी उशिरा झाली असेल, पाऊस आला असेल, आदलं वर्षच जास्त वाईट होतं. शहरातल्या मुलीला यातलं एखादंच सुचेल. 2017 मध्ये बोंडअळीनं आपल्या भागाचं काय केलं हे तू पाहिलं आहेस, त्यामुळे तुझी यादी लांब असणार. ही यादी मनात ठेवून पर्याय उघड. उत्तर त्या यादीतलं असेल किंवा तिच्या शेजारचं. पर्याय उघडल्यावर मात्र माहिती बंद. तिथे फक्त एवढंच बघायचं, की हे मान्य केलं तर निष्कर्ष वर जातो, खाली जातो, की जागचा हलत नाही. पर्यायापासून निष्कर्षापर्यंत पोचायला तुला स्वतःचं एक मोठं वाक्य घालावं लागत असेल, तर तिथेच थांब. थोडी जाण सगळीकडेच लागते, पण क मध्ये तू घातलंस तसं अख्खं वाक्य लागत असेल तर पर्याय संशयास्पद धर.

आणखी एक गाठ सोडवायला हवी, कारण चुका बहुतेक तिथून येतात. तू उतारा वाचून निष्कर्ष काढायचे प्रश्नही करत असशील, इन्फरन्सचे. तिथे नियम असतो: उताऱ्याबाहेरचं काही घ्यायचं नाही, 'सर्व', 'कधीच', 'फक्त' असे टोकाचे शब्द दिसले की सावध व्हायचं. स्ट्रेन्थन-वीकनमध्ये हा नियम उलटतो. इथे बरोबर पर्याय बहुतेक वेळा नवीच माहिती आणतो. शेजारचा जिल्हा उताऱ्यात कुठे होता? आणि इथे टोकाचा शब्द पर्यायाला ताकद देतो. "एकाही शेतकऱ्यानं सापळा लावला नाही" हे "काहींनी लावला नाही" यापेक्षा किती जोरदार आहे बघ. मुलं एका प्रकारचा नियम दुसऱ्याला लावतात आणि बरोबर पर्याय 'उताऱ्याबाहेरचा' म्हणून स्वतःच खोडतात. तुझ्या चुकलेल्या प्रश्नांत असे किती आहेत ते तपास.

स्ट्रेन्थन म्हणजे सिद्ध करणं नाही, हे आता तू ओळखलं असशील. मजबूत करण्याचा एक मार्ग म्हणजे दुसरं कारण बाद करणं: "त्या हंगामात पाऊस, पेरणीची वेळ आणि फवारणी आदल्या वर्षीसारखीच होती." दिसायला बेचव वाक्य, सापळ्याचं नावही नाही, म्हणून मुलं सोडून देतात. पण असं वाक्य फार कामाचं असतं. दुसरा मार्ग म्हणजे कारण नाही तिथे परिणामही नाही हे दाखवणं. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनं तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं. त्याच वस्तीत एक बिअरचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते, आणि त्यांच्यात कॉलरानं कोणी मेलं नाही. हवा तीच, वस्ती तीच, फक्त पाणी वेगळं. स्नोच्या म्हणण्याला या एका गोष्टीनं केवढा आधार मिळाला बघ.

कारणाचे प्रश्न सोडून बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. सर्वेक्षण आलं की विचार, कोणाला विचारलं? कृषी मेळाव्याला आलेल्यांना ठिबक आवडतं म्हणून तालुक्यातल्या सगळ्यांना आवडतं असं होत नाही, मेळाव्याला येतो तो आधीच उत्सुक असतो. टक्के आले की एकूण किती ते बघ. टक्केवारी घटूनही संख्या वाढू शकते. योजना आली, उदाहरणार्थ सौर कुंपण लावलं की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे होणारं पिकाचं नुकसान थांबेल, तर कुंपण चांगलं की वाईट हे सोड. कुंपण लावूनही नुकसान होईल अशी वाट कोणता पर्याय दाखवतो ते शोध. नाल्याच्या बाजूनं कुंपण बांधताच येत नसेल, तर तोच.

इंग्रजीबद्दल. या प्रश्नांचं इंग्रजी फार नाही, पण प्रश्नाच्या ओळीतले ठरावीक शब्द पक्के हवेत. वीकन, अंडरमाइन, कास्ट डाउट, कॉल इंटू क्वेश्चन हे सगळे एका बाजूचे. स्ट्रेन्थन, सपोर्ट, बोल्स्टर दुसऱ्या बाजूचे. आणि एक्सेप्ट हा शब्द मोठ्या अक्षरात आला की थांब. "खालील सर्व पर्याय वीकन करतात, एक्सेप्ट" म्हणजे चार वीकन करतात आणि एक करत नाही. तो एक मजबूतच करेल असं नाही, त्याचा काही संबंध नसला तरी उत्तर तोच. अशा प्रश्नात प्रत्येक पर्यायापुढे पेन्सिलीनं वर, खाली किंवा आडवा बाण काढ. मनात ठेवायला जाशील तर चौथ्या पर्यायापर्यंत दिशा विसरशील. पुण्याच्या मुलीही विसरतात.

सराव कमी प्रश्नांचा कर. सीईटीत 200 प्रश्नांना 150 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट, हे माहीत असल्यामुळे सगळे पहिल्या दिवसापासून घड्याळ लावतात. तू पहिले दोन आठवडे लावू नकोस. रोज पाचच प्रश्न घे, प्रत्येकाचा निष्कर्ष आणि न बोललेलं गृहीतक मराठीत एकेका ओळीत लिही, मग पर्याय उघड. तपासताना फक्त बरोबर उत्तराचं कारण लिहून थांबू नकोस. तू निवडलेला चुकीचा पर्याय कोणत्या निष्कर्षाला बरोबर ठरला असता, तेही लिही, आत्ता आपण ब चं केलं तसं. एसटीत वेळ मिळतो, तेव्हा वही काढता आली नाही तर हे तोंडी कर. बँकेच्या पेपरात 'स्टेटमेंट-आर्ग्युमेंट' नावाचा एक प्रकार येतो, त्यात युक्तिवाद स्ट्राँग की वीक ते ठरवायचं असतं. तो वेगळा आहे, तिथे युक्तिवाद मुद्द्याला धरून आणि वजनदार आहे का एवढंच विचारतात. दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेव.

आणि परीक्षेच्या दिवसाचा हिशेब. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पीओच्या पेपरात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग जातो. पाच पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरी फायदाही नाही, तोटाही नाही. एक पर्याय खात्रीनं खोडलास की गणित तुझ्या बाजूनं झुकतं. या प्रकारात उलट्या दिशेचा एक आणि निष्कर्षाशी संबंध नसलेला एक, असे दोन तर तुला आता नक्की खोडता येतील. तेवढं झालं की उरलेल्यांपैकी ज्याचा धक्का मोठा वाटतो त्याला खूण कर आणि पुढच्या प्रश्नाकडे जा.